हात फिरवलेला फोटो

प्रिय ढब्बू,

या नावाने चारचौघांत हाक मारली तर ओ देणार नाही, अशी तंबी तू मला कॉलेजात गेल्यावर दिली होतीस. पण हे पत्र चारचौघांत वाचायचं नाही, आणि पहिलाच शब्द खोडून सुरुवात करणं मला बरं वाटेना. तेव्हा या वेळी खपवून घे. तुझ्या चार ओळींच्या मेसेजला नुसता अंगठा पाठवणारा माणूस हाताने पानंच्या पानं लिहितोय म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू ओळखलंच असशील. घाबरू नकोस, कुणी आजारी नाही. आईचा गुडघा होता तसाच आहे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी तिला दिलेले व्यायाम ती मला करायला लावते आणि स्वतः खुर्चीत बसून आकडे मोजते. माझे गुडघे त्यामुळे एकदम ठणठणीत झालेत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. बुधवारी तू गालात ते दोरे घालून घ्यायला जाणार आहेस, ते अडवण्यासाठी मी हे लिहीत नाही. चेहरा तुझा, कमाई तुझी, वय पंचवीस. अडवायचा हक्क मला कधी असलाच, तर तो मी घालवून बसलोय. कसा घालवला ते सांगायला मला जरा वळसा घ्यावा लागेल, कारण सरळ सांगायची हिंमत असती तर गेले तीन महिने मी मूग गिळून बसलो नसतो.

तुझा तो पहिला फोन मला आठवतो. मी स्टुडिओत पडद्याच्या सुरकुत्या काढत होतो. तू म्हणालीस, दिवसभर कॉम्प्युटरवर मीटिंगा असतात, समोरचा काय बोलतो ते ऐकायचं सोडून कोपऱ्यातल्या चौकोनात मी माझेच गाल बघत बसते, आणि मला वाटतं माझा चेहरा ओघळलाय. मी म्हटलं, ओघळायला तो काय आइस्क्रीम आहे. तू हसलीस, पण अर्धवट. मला ते अर्धवट हसू कळलं होतं आणि तरी मी विषय बदलला. विषय बदलण्यात तुझ्या बापाचा हात कुणी धरू शकणार नाही, हे तुझी आई पंचवीस-तीस वर्षं सांगते आहे.

मग तू अभ्यासाला लागलीस. कॉलेज निवडताना जसा तक्ता केला होतास तसाच वहीत उभ्या-आडव्या रेघा मारून केलास आणि मला फोनवर वाचून दाखवलास. क्रीम लावून गाल काही वर चढत नाहीत. उष्णता देणाऱ्या मशीनने कातडी हळूहळू थोडी आवळते. इंजेक्शनने भरून घेतलं की खोलगट भाग बुजतो. आणि ते विरघळणारे बारीक दोरे कातडीखालून ओवले की गाल वर ओढला जातो, पण त्याचाही असर वर्ष-दीड वर्षात उतरतो. प्रत्येकाच्या पुढे धोके लिहिले होतेस, सूज, गाठ, एक बाजू वर आणि एक खाली. मी नुसता हं, हं करत होतो. तुला वाटलं बाबा किती शांतपणे ऐकून घेतो.

आईला जिना चढवत नव्हता म्हणून त्या कातडीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात तुझ्याबरोबर मी आलो. बाहेरच्या खोलीत सगळी तुझ्याच वयाची मुलं-मुली, एकमेकांची नजर चुकवत मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली. मी आयुष्यभर चेहरेच बघत आलोय, म्हणून सवयीने एकेकाकडे बघत गेलो. ओघळलेला एकही सापडला नाही. ओघळलेला त्या खोलीत मी एकटाच होतो, आणि मला कुणी नंबर दिला नव्हता.

डॉक्टरबाई मला आवडल्या. काही विकायची घाई नव्हती त्यांना. तुझा जबडा बोटांनी चाचपला, वजन कमी-जास्त झालं का विचारलं, झोप किती, ऊन किती ते विचारलं. मग म्हणाल्या की या वयात ज्याला तुम्ही ओघळणं म्हणता ती बहुतेक वेळा चेहऱ्याची मूळ ठेवण असते. उन्हाचं क्रीम लावा, वेळेवर झोपा, वजन सांभाळा आणि दहा वर्षांनी या. मला इतकं हायसं वाटलं की मी तुझी पिशवी उचलून उभासुद्धा राहिलो होतो. तेव्हा तू म्हणालीस, “पण डॉक्टर, मी आधी अशी नव्हते.”

त्यांनी जुना फोटो आहे का विचारलं. मोबाइलमधला नको म्हणाल्या, कारण हल्ली मोबाइल न सांगताच चेहरा गुळगुळीत करून देतो. नीट स्टुडिओत काढलेला, विश्वासाचा हवा. तू पर्समधून तो फोटो काढलास, पहिल्या नोकरीच्या अर्जासाठी मी काढलेला, तीन वर्षांपूर्वीचा. “माझे बाबाच फोटोग्राफर आहेत,” असं त्यांना सांगितलंस आणि वळून माझ्याकडे बघून हसलीस. किती अभिमानाने हसलीस ते मी विसरू शकत नाही. विसरायचा खूप प्रयत्न करून पाहिला.

त्यांनी तुला खिडकीपाशी नेलं, फोटो तुझ्या गालाशेजारी धरला आणि दोन्ही ताडून बघितलं. मग मला म्हणाल्या, “घरच्यांना सहसा कळत नाही, पण तुमचा धंदाच चेहऱ्यांचा आहे म्हणून विचारते. तीन वर्षांत खरंच इतका फरक पडलाय का?” तू माझ्याकडे बघत होतीस. फोटो माझ्याकडे बघत होता. आणि मी म्हणालो, “हो, थोडा पडलाय.”

ढब्बू, ते खोटं होतं. काडीचाही फरक पडलेला नाही. तुझा चेहरा तीन वर्षांपूर्वी जसा होता तस्साच आज आहे. बदललेला आहे तो फोटो.

आमच्या धंद्यात त्याला हात फिरवणं म्हणतात. फोटो काढला की कॉम्प्युटरवर घ्यायचा आणि त्यावर जरा हात फिरवायचा. मुरूम काढायचे, डोळ्यांखालचं काळं उजळायचं, उडालेले केस बसवायचे. गिऱ्हाईक स्वतःच सांगतं, जरा हात फिरवा हं, आणि काहीजण लाजून सांगत नाहीत तर आपण समजून घ्यायचं. हनुवटीखालचा भाग माऊसने आत ढकलायचा, जबड्याची कड वर घ्यायची, एवढंही मी अनेकांचं करतो. मागच्याच आठवड्यात एक वकील आले होते. त्यांची दुसरी हनुवटी मी काढून टाकली, तर त्यांनी तो फोटो त्यांच्या घरच्यांना दाखवला आणि घरच्यांनी विचारलं की हे गृहस्थ कोण. आम्ही दोघंही खूप हसलो. कुणाचं काही बिघडलं नाही, कारण त्यांना ठाऊक होतं.

तुला ठाऊक नव्हतं. मी तुझे नऊ फोटो काढले, त्यातला चौथा तू निवडलास आणि चहा प्यायला घरी गेलीस. संध्याकाळी छापलेला फोटो हातात घेऊन तू विचारलंस, “बाबा, मी अशी दिसते?” त्या वेळी एक शब्द बोललो असतो तरी भागलं असतं. हात फिरवलाय गं जरा, एवढंच. पण तुझा चेहरा इतका खुलला होता की मी म्हणालो, “अशीच दिसतेस. कॅमेरा खोटं बोलत नाही.” तू माझ्या गळ्यात पडलीस. मग तोच फोटो तुझ्या ओळखपत्रावर गेला, अर्जांवर गेला, आईने मोठा करून बैठकीत लावला. गेली तीन वर्षं तू आरशात स्वतःला बघतेस ती त्या फोटोशी ताडून बघतेस, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. खरं म्हणजे येऊ दिलं नाही.

आता सगळ्यात वाईट ते लिहितो. मी हो म्हणालो म्हणून डॉक्टरबाईंना शंका आली. एवढ्या कमी काळात चेहरा इतका उतरतो म्हणजे आत काही कारण असू शकतं, असं म्हणून त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. रक्त देऊन झाल्यावर तू त्या लांब बाकावर बसलीस, दंडावर कापसाचा बोळा दाबून, आणि हळूच विचारलंस, “बाबा, मला काही मोठं झालं नसेल ना?” मी तुला पाणी आणून दिलं. पाठीवर हात ठेवला. तू रडत होतीस आणि तुला काहीही झालेलं नाही हे त्या इमारतीत फक्त मला माहीत होतं. तरी मी बोललो नाही. चार दिवसांनी रिपोर्ट चांगले आले तेव्हा तू फोनवर हुंदके देत होतीस आणि मी काय म्हणालो आठवतं? मी म्हणालो, बघ, मी सांगत नव्हतो? त्या चार दिवसांत तू जेवली नव्हतीस असं तुझ्याबरोबर राहणाऱ्या मैत्रिणीने आईला नंतर सांगितलं. आजार नाही म्हटल्यावर डॉक्टरबाईंनी दोऱ्यांना होकार दिला, आणि तोही त्या फोटोच्या भरवशावर. त्यांचा काही दोष नाही. ज्याच्यावर त्यांनी विश्वास ठेवला तो माणूस खोटा निघाला.

परवा तू तारीख कळवलीस, बुधवार, सकाळी अकरा. फोन ठेवला आणि मी आईला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ती चिडेल. ती उठून बैठकीत गेली, भिंतीवरचा फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, “मला काय सांगताय? तिला सांगा. आणि लिहून सांगा. बोलायला गेलात तर विनोद करून सुटाल.” त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. व्यायामाचे आकडेसुद्धा मोजत नाही. तिने मला बरोबर ओळखलंय, या कागदावरही मी दोन-चार विनोद केलेच.

माझी बाजू मांडायची म्हणून मी तिला सांगितलं होतं की सवयीने झालं, सगळ्यांचे करतो तसा तुझाही केला. तेही खरं नाही, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र लिहायला बसलोय. इतरांच्या फोटोला मला पाच मिनिटं लागतात. तुझ्या फोटोपुढे मी दार लावून पाऊण तास बसलो होतो. शाळेत मला पोरं जबड्यावरून काय काय म्हणायची ते मी तुला कधी सांगितलं नाही. आपल्या घरातल्या एकाही फोटोत मी नाही आणि सगळ्यांना वाटतं फोटो काढणारा कसा असेल फोटोत. मी हा धंदा धरला तो त्याचसाठी, कॅमेऱ्याच्या मागे उभं राहिलं की आपल्याकडे कुणी बघत नाही. त्या दिवशी कॉम्प्युटरवर तुझा चेहरा मोठा करून बघताना मला तुझ्या गालांच्या खाली माझा जबडा दिसला, जसाच्या तसा, आणि तो मी तुझ्या चेहऱ्यावरून पुसून टाकला. पाकिटात तुझा मूळ फोटो आहे, काहीही न केलेला, कालच छापला. तो घेऊन आरशासमोर उभी राहा. डॉक्टरबाईंना मी अजून कळवलेलं नाही, आधी तुला कळायला हवं होतं. बुधवारी जायचं तर जा, मी येईन आणि तुझ्यादेखत त्यांना सगळं सांगेन. नाही गेलीस, तर तू बोलावलंस तरच तुझ्याकडे येईन. पण एवढं नक्की समज की तुझ्या चेहऱ्यातलं काहीही खाली आलेलं नाही. तिथे जे आहे ते माझं आहे, आणि मला त्याची लाज वाटली.

हनुवटीसकट तुझाच,
बाबा