अंदाजाला कात्री

३ जून, सकाळी
लिहायचं कारण: काल साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुम्ही तारीख दिली की ग्राहक विचारतो, कोणत्या वर्षाची?" सगळे हसले. माझी टीम जरा जास्तच. दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवायला घेतलंय. तेही लांबलं तर टीम माझ्याकडून काढून घेणार. तेव्हा आजपासून अंदाज सुधारायचा. रोज पाच ओळी लिहायच्या. वेळ असा काही लागणार नाही.

१० जून
रोज लिहिणं जमलं नाही. दोष ऑफिसचा.
मौनीबाबा, म्हणजे आमचा मुख्य प्रोग्रॅमर, म्हणाला की पेशंटच्या नोंदणीच्या भागाला वीस दिवस. मी दहा लिहिले. लोक आळस धरून आकडा सांगतात, मी तो कापते. याला अनुभव म्हणतात. त्याने तोंड पाडलं, पण बोलला नाही. म्हणजे पटलं.

२४ जून
नोंदणी, सुट्ट्या वगळता, दहा दिवसांत तयार! साहेबांना स्वतः जाऊन सांगितलं. अंदाज सुधारला. आता या विषयावर इतरांना दोन शब्द सांगायला हरकत नाही. घरीही सांगितलं. हे "वा" म्हणाले आणि भाजी चिरत राहिले.

२५ जून
विश्वासघात.
कॉफीच्या मशीनपाशी टेस्टिंगवाली नव्या मुलीला शिकवत होती. मी खांबाच्या अलीकडे. "मॅडमना आकडा दुप्पट सांगायचा गं. त्या अर्धा करतात, मग बरोबर बसतो. आणि तोंड पाडायला विसरू नकोस, नाहीतर संशय येतो त्यांना." मौनीबाबा खो खो हसला. त्याला हसताना आवाज फुटतो, हे मला आज कळलं.
रात्री यांना सांगितलं. वाटलं, निदान घरचं माणूस माझ्या बाजूने उभं राहील. हे म्हणाले, "अगं, मीही तेच करतो. तू 'निघाले, दहा मिनिटांत पोचते' म्हणालीस की मी तासाभराने जेवण गरम करायला घेतो."
लग्नापासून! आणि मी समजत होते की माझ्या वक्तशीरपणामुळे ताटात गरम पडतं.

२७ जून
मीटिंग घेतली. पंधरा मिनिटं ठरवली होती, विश्वास या विषयावर पाऊण तास बोलले. टेस्टिंगवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. यापुढे खरा आकडा सांगायचा, असं ठरलं. मौनीबाबाने विचारलं, "मॅडम, खरा सांगितला तर कापणार नाही ना?" मी शब्द दिला. उरलेल्या कामाला चाळीस दिवस, म्हणाला.
दुपारी
शांतपणे विचार केला. इतके दिवस मला बनवणारी माणसं एका भाषणाने सुधारतील? मी अर्धा करीन म्हणून दुप्पट केलाच असणार; आता मी चिडले आहे म्हणून त्याच्याही दुप्पट. साहेबांना दहा दिवसांची तारीख दिली. टीमला कळवलं नाही. त्यांना दिलेला शब्द मोडणं माझ्या स्वभावात नाही.

११ जुलै
कामाचे दहा दिवस संपले. सहज म्हणून मौनीबाबाला विचारलं. पाव काम झालं, म्हणाला. चेहरा असा खुललेला! "मॅडम, पहिल्यांदाच सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय."
म्हणजे चाळीस खरेच होते. मला जराही सुगावा लागू न देता ही माणसं प्रामाणिक झाली. याला काय म्हणावं?
साहेबांचा निरोप आला, केबिनमध्ये या. हातातलं आवरून पाच मिनिटांत येते, असं कळवलं. गेले तेव्हा ते घरी निघून गेले होते. टेबलावर माझ्या नावाचं पाकीट ठेवलेलं.

१२ जुलै
टीम मौनीबाबाला. सकाळी दहाला ताबा द्यायचा होता. दहाला तो डोकावला, "किती वेळ लागेल?" मी म्हटलं, दहा मिनिटं. मान हलवून गेला तो सव्वाअकराला आला. मी शेवटचा ड्रॉवर नेमका तेव्हाच रिकामा केला होता.
सोपवलं ते: टीम. सर्व्हरचे पासवर्ड. मीटिंग रूमची किल्ली. फळ्यावर लिहायचे मार्कर, पैकी एक सुकलेला. मिळाल्याची पावती त्याने घरूनच छापून आणली होती. वेळेच्या रकान्यात सव्वाअकरा छापलेलं होतं.