पायाळूचा पाय

सिरसाळा
१२ जून २०२४

॥ श्री वैद्यनाथ ॥

चि. रुद्राणीस उमाआजीचे आशीर्वाद वि. वि.

फोनवर तुझी आई कान लावून बसती, म्हणून हा कागद. तिच्या मानंखाली, उजव्या खांद्यापाशी गाठ आलीय, सुपारीएवढी. दाबली की बया कळवळती, कळ पार कानामागं चढती. खानावळीच्या शंभर भाकरी रोज एकटीनं थापल्यावर तिथं दुसरं काय उगवणार, मोगरा? तीळतेल लावून मी चोळत होते. दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी गाठ जाग्यावर हजर, जावयासारखी. आता माझाच अंगठा गेला. वाकत न्हाई.

तू पायाळू, पायाकडून जन्मलेली. लहानपणी तुझा पाय पाठीला लागला की गावाची उसण जायची. तुझी आई मोहिनी तेच धरून बसलीय, रुद्राणीचा पाय लागला की बरं होईल म्हणती. तू पुण्यात अंगदुखीचंच शिकतीस, तर सांग, गाठ कावून येती? परीक्षा टाकून येऊ नकोस. उत्तर बद्रीनाथच्या दुकानावर धाड, घरी नको.

शिव्या देते म्हणून माया कमी समजू नकोस.

तुझी उमाआजी


पुणे
१७ जून २०२४

ती. आजीस रुद्राणीचा सा. न. वि. वि.

आधी अंगठ्याला शेक दे, मग मला शिव्या दे. एकच काम एकाच वाकानं तासन्‌तास केलं की स्नायूचे काही धागे आखडतात आणि सुटायचं विसरतात. काळजीनंही आखडतात. आत नक्की काय होतं, ते आमच्या सरांनाही पुरतं माहीत नाही. चोळल्यानं धागे सैल पडतात, दुखणं निवतं. पण काम तेच राहिलं तर गाठ परत येणारच. म्हणून पंधरा दिवस आईच्या भाकरी बंद. गरम फडकं आणि हलका हात, एवढंच. मानेच्या मणक्यावर दाब नको.

आणि पायाळूचा पाय तर कुणाचाच नको. माझ्या पायात काही नव्हतं गं. तीन वर्षांची पोर, ज्वारीच्या पिशवीएवढं वजन. लोक घटकाभर पालथे पडायचे, तेवढाच त्यांना आराम.

आईला ओरडू नकोस. माझ्या वाटणीचं तिच्या डोक्यावरून हात फिरव.

तुझी रुद्राणी


सिरसाळा
९ जुलै २०२४

॥ श्री वैद्यनाथ ॥

चि. रुद्राणीस आशीर्वाद वि. वि.

तुझा कागद बद्रीनाथनं साखरेच्या पोत्यामागं ठेवला अन् विसरला. आठ दिवसांनी दिला. तवर मी नांदूरघाटाहून वच्छलाबाईला आणलं होतं. तीबी पायाळू, पण बाई कणगीएवढी. मोहिनीला पालथी मीच घातली. तीन लाथा मारायची रीत, तिसरी मानंवर बसली. मोहिनी ओरडली न्हाई. मला वाटलं, गाठ सुटली.

तवापासून उजव्या हाताची बोटं बधिर हायेत. पिठाचा गोळा घेती अन् तो सुटून पडतो. बीडच्या डॉक्टरनं फोटो काढले. म्हणला, मानंतली नस आधीच दबत आली होती, लाथंनं पुरी केली. हात पहिल्यासारखा होईल का, असं इचारलं तर पेन खिशात घालून म्हणला, लई आशा धरू नका.

तू पंधरा दिवस भाकरी बंद करा म्हणलीस. झाल्या बंद, कायमच्या. आता मी थापते. तिसाव्या भाकरीला दम जातो, जेवणारे निम्मे दुसरीकडं गेले. तुझं पुढचं साल कसं निघायचं, ते मी लिहीत न्हाई. तुला कळतं.

मोहिनी दोष मला देत न्हाई, वच्छलाबाईच्या पायाला देती. मला दिला असता तर बरं झालं असतं. काल म्हणली, पाय परका होता, रुद्राणीचा असता तर असं झालं नसतं. तुझा कागद मी तिला वाचून दाखवला न्हाई. तेवढी एकच गोष्ट उरलीय तिच्याजवळ.

माझ्याबी खांद्यात सुपारी आलीय. कुणाला सांगू नकोस.

परीक्षा झाल्यावर येशील. आलीस की ती तुझ्यापुढं पालथी पडंल. पाय ठेवायचा का न्हाई, ते गाडीतच ठरवून ये.

लोभ उरला असंल तर राहू दे.

तुझी उमाआजी