टुगेदरनेसचं उदाहरण

सुलतानपूर, ता. लोणार

ती. सिंधूमावशीस,

गजेंद्रचा वाकून नमस्कार. आईचा गुडघा सोडला तर इकडे सगळे मजेत. तुझी शुगर, काकांचा खोकला आणि मंदिराजवळचं प्रसादाचं दुकान, तिन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. पत्र शेजारच्या आसिमच्या हाती देतोय, तो उद्या गाडीत भाडं घेऊन शेगावला येणार आहे. फोनच केला असता, पण फोनवर मी अडखळतो, आणि कागदावर अडखळलं तर निदान खोडता येतं. (खोडलेलं वाचू नकोस.)

मावशी, तू आणलेल्या मलकापूरच्या स्थळाचं काय झालं ते दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी माझ्याकडून ऐक. मुलगी पाहिली त्या दिवशी तू गाडी चुकेल म्हणून मधूनच उठून गेलीस आणि मुख्य प्रसंग तुझा हुकला. अश्विनी शिकवणीत इंग्रजी शिकवते हे तू सांगितलं होतंस, ती प्रश्न विचारते हे सांगितलं नव्हतंस. तिने मलाच विचारलं, लग्नात तुम्हाला काय हवं? आदल्याच दिवशी छपाईच्या दुकानात मी एका इंग्रजी लग्नपत्रिकेतला लांबलचक शब्द तपासला होता, तोच तोंडातून सुटला. टुगेदरनेस! (स्पेलिंगही म्हणून दाखवलं. एक अक्षर चुकलं नाही.) ती म्हणाली, "अर्थ सांगा, आणि एक उदाहरण." मी म्हणालो, बघून सांगतो. तिचे वडील हसून म्हणाले, "नवरदेव आहे का सरकारी खिडकी?" ती हसली नाही. "सावकाश सांगा," म्हणाली, "तुमचं उत्तर आलं की माझं देईन." मावशी, मला ती तेवढ्यातच आवडली होती, आणि अख्खं लग्न एका नामावर अडकलं!

घरी येऊन शब्दकोश काढला. पहिला अर्थ, एकत्र असणे. दुसरा, एकत्र असल्याने वाटणारी जवळीक. पहिल्यावर मी दिवसभर खूश होतो. मग लोणारच्या बसस्टँडवर उभा असताना लक्षात आलं की इथेही शंभर माणसं एकत्र आहेत आणि सगळी एकमेकांना कोपराने ढकलताहेत. म्हणजे नुसत्या गर्दीला हा शब्द चालत नाही. वापराची वाक्यं पाहिली, तर तिथे सगळीकडे कुटुंबं टेबलाभोवती बसून जेवत होती. आपल्याकडे टेबल नाही. आसिमला विचारलं, तर तो म्हणे, "अबे, एवढा काऊन इचार करून राह्यला? वावरात रोडगे लाव अन् बलाव सगळ्यायले. ते पाह्यलं की तिले समजते." मला एकदम पटलं! शेतात गोवऱ्यांच्या विस्तवावर कणकेचे गोळे भाजायचे आणि सगळ्यांनी मिळून खायचे! अर्थ सांगायचाच नाही, दाखवायचा!

मलकापूरच्यांना रीतसर बोलावणं गेलं. मग मी स्वतः आमच्या गल्लीत आवतन द्यायला निघालो, आणि पहिल्याच दारात प्रश्न आला, "घरटी एक, का चूलबंद?" आता तुला माहीतच आहे, घरटी एक म्हणजे घरातलं एकच माणूस येणार, आणि चूलबंद म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी त्या घरी चूल पेटायची नाही. मी मनाशी म्हटलं, घरातून एकच माणूस आला तर कसला टुगेदरनेस? म्हणून दारोदार चूलबंद सांगत गेलो. (बाबांना विचारायला हवं होतं. पण ते 'घरटी एक' म्हणाले असते.)

मावशी, लोक आले! माहेरी आलेल्या लेकी आल्या, त्यांची लेकरं आली, लेकरांना सोडायला आलेले जावई आले. पाहुण्यांची पहिली पंगत बसली आणि टोपलीत पाहतो तर रोडगे संपत आलेले. मी शेजाऱ्यांना हात जोडून म्हणालो, घरी जाऊन काहीतरी शिजवून खा, मी माफी मागतो. तर सगळ्या बायका माझ्यावरच तुटून पडल्या. आसिमची आई गुलनारचाची म्हणाली, "चूलबंद सांगून गेला ना तू? आता आमच्या घरून धूर निंगाला तं तुह्या मायची इज्जत राह्यते का? उपाशी राहू, पन चूल पेटवनार नाही!" आणि अख्खी गल्ली हट्टाने उपाशी बसून राहिली. मी रडायच्या बेतात होतो. मग चाचीलाच युक्ती सुचली. चूल पेटवायची नाही ना, पण कच्चं पीठ आणायला कुणाची मनाई आहे? क्षणात घराघरांतून पिठाचे डबे, गोवऱ्या, वांगी, तुपाची भांडी वावरात आली. अश्विनी पंगतीतून उठली, पदर खोचून चाचीशेजारी पीठ मळायला बसली. तिचे वडील (नवा पांढरा शर्ट!) विस्तव फुंकत होते आणि बाबा त्यांना, कसं फुंकायचं नाही, ते शिकवत होते. जेवायला बसेपर्यंत ऊन उतरलं. रोडगे काही करपले, काही कच्चे राहिले, आणि एवढं हसून मी कधी जेवलो नाही. पाहुणे निघताना तिच्या उत्तराचं विचारायचा मात्र मला धीर झाला नाही.

काकांना नमस्कार.

तुझा भाचा,
गजेंद्र

ता. क. धीर झाला नाही हे खरं आहे, पण विचारावं लागलंच नाही. पीठ मळतानाच ती धुरातून मोठ्याने म्हणाली, "उदाहरण पोचलं. माझं हो समजा!" आता मुख्य काम. स्थळ तू आणलंस, तेव्हा होकारही तुझ्याच तोंडून यायला हवा. तरी पत्र मिळताच बाबांना फोन कर आणि मुलीकडून होकार आला असं सांग. आवाजात थोडी नवलाई असू दे.

ता. क. २. ती हो म्हणाली तेव्हा बाबा तिच्या शेजारीच होते. आई समोर होती. गल्ली भोवती होती. पण चाचीने लगेच सगळ्यांना बजावलं, "कोनी काही आयकलं नाही बरं! पयले सिंधूताईचा फोन येऊ द्या." तेव्हापासून गावात कुणालाच काही माहीत नाही. मला पाहिलं की लोक दुसरीकडे बघून हसतात, आणि बाबा फोन मांडीवर ठेवून ओसरीवर बसले आहेत, जेवायलाही उठत नाहीत. लवकर कर मावशी, चाचीच्या पोटात आता फार वेळ राहायचं नाही.