हो, नाही आणि स्वल्प

जे. पी. नगर, बंगळूर
१२ ऑगस्ट १९९९

सौ. प्रतिमाअक्का,

दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला का? इथे आम्ही सुखरूप (निदान आज दुपारपर्यंत).

आमच्या कॉलेजात यंदा इंटरनेट आलं आणि मुलं त्यावरून एकमेकांना निनावी पत्रं पाठवू लागली. दुसऱ्या वर्षाच्या रूपश्रीच्या दातांवरून कुणीतरी इतकं घाण लिहिलं, की तिने कॉलेजला येणंच सोडलं. मी मानसशास्त्र शिकवतो, म्हणून प्राचार्यांनी संशोधन माझ्या गळ्यात घातलं: असं का होतं आणि थांबवावं कसं. मी प्रश्नावली वाटली. अशी पत्रं तुम्ही पाठवता का, हो की नाही? चाळीस जणांनी ‘नाही’ लिहिलं. एकाने लिहिलं, ‘स्वल्प’ (तू आता पुणेकरीण, कानडी विसरली असशील, म्हणून सांगतो: थोडंसं).

दुसऱ्या दिवशी मलाच पत्र आलं. संशोधन बंद करा, तुमची सायकल कुठे असते ते ठाऊक आहे. (ती कॉलेजच्या दारातच असते, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे.) तरी तेव्हापासून सायकल स्वयंपाकघरात आहे आणि तुझी भावजय शारदा तिला वळसा घालून भाकऱ्या करते. संगणक मी सुरूच करत नाही.

मग वाटलं, पंचेचाळिशीत माझी ही गत, तर त्या पोरीचं काय? बनशंकरीला तिच्या घरी गेलो. आई म्हणाली, धड जेवत नाही, तोंडावर ओढणी धरूनच बोलते. रूपश्रीने ओढणीआडूनच विचारलं, “सर, लिहिणारा एकच असेल. पण सगळे का हसले?”

माझ्या प्रश्नावलीत हा प्रश्नच नव्हता.

सोमवारी मी माझं धमकीचं पत्र वर्गात वाचून दाखवलं. सायकलीचं वाक्य आलं तसं मागे कुणीतरी खिदळलं, मग आपणच गप्प झालं. अनुषा नावाची मुलगी उठली. “रूपश्रीवरच्या पत्राच्या प्रती काढून मीच वाटल्या,” म्हणाली, आणि रडू लागली. संध्याकाळी ती आणखी तिघींना घेऊन बनशंकरीला गेली. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण आज रूपश्री वर्गात आली. ओढणी अजून तोंडावरच आहे. लिहिणारा सापडलेला नाही, आणि मी कॉलेजला चालतच जातो.

तुझा,
वासुदेव

ता. क. अहवालात उपाय एकच लिहिलाय: हसू नका, पुढे पाठवू नका. प्राचार्यांना पन्नास पानं हवी आहेत.

आणखी एक ता. क. रूपश्रीवरचं ते पत्र शिक्षकांच्या खोलीतही फिरलं होतं. मी वाचलं, आणि हसलो होतो. आज ती म्हणाली, “सर, हसला नाहीत ते एकटे तुम्हीच, म्हणून आले.” तिला सांगू का, अक्का? पत्रानेच कळव. फोन शारदा उचलते.