फ्रीजसमोरची चप्पल

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलंय. शाहूपुरीत एका घराचं वायरिंग तपासायला गेलतो. जुनं घर, नुसतं नटवलेलं. छताला दिवेच दिवे, पण फरशी बदलताना अर्थिंगची वायर तोडलेली. आणि फ्रीजसमोर रबरी चप्पल! एरवी घरभर अनवाणी फिरणारी माणसं. मी फ्रीजला हात लावणार, तोच काकू ओरडल्या, "पावणं, चप्पल घाला की! झिणझिण्या येत्यात."

काका हसले. "सवय झालीया आमाला."

करंटची सवय होते होय? प्लग उपसला, तर मलाच बोलणी. दूध नासंल म्हणे!

निघताना परत चपलेकडं नजर गेली. शेजारी इवलीशी नवी जोडी.

"नात येणाराय उद्या," काकू कौतुकानं म्हणाल्या. "तिच्यासाठी आणलीया."