खिशातला फ्यूज

अप्पा, काल माझ्या हातून एक माणूस मरायचा राहिला. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, पण काल पहिल्यांदाच वाटलं, बरं झालं तुम्ही नाही. तुम्ही शिकवलेली ही अक्षरं आता या घरात दुसऱ्या कोणाला वाचता येत नाहीत, म्हणून मराठीतच लिहितोय.

माडीवर, गच्चीत, आम्ही सोलर बसवलंय. तुम्ही हरखून गेला असता. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की तुमचं डोकं फिरायचं, आणि इथे तर उन्हाचीच वीज होते. पण एक गोम आहे. रस्त्यावरची वीज गेली की हे सोलरही आपोआप बंद पडतं. बसवणाऱ्याने कारण नीट सांगितलं होतं: घरातली वीज उलटी तारेत गेली, तर खांबावरचा माणूस मरेल. लायनमनच्या मुलाला हे सांगावं लागतं का? तरीही दर महिन्याच्या शटडाउनला बाहेर तंजावूरचं रणरणतं ऊन, आत घामाच्या धारा, आणि बायको म्हणायची, "फॅन नाही, मिक्सी नाही. मग माडीवर हे कशास ठेवलंय?" शेवटी मी बॅटरी आणि इन्व्हर्टर आणला, आणि दोन्ही टोकांना पिना असलेली वायर स्वतः बनवली. एक टोक इन्व्हर्टरला, दुसरं भिंतीतल्या प्लगमध्ये, की सगळं घर चालू. फक्त आधी मेन स्विच पाडायचा, म्हणजे वीज बाहेर जात नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

काल शटडाउन होता, आणि मी मेन पाडायला विसरलो. बाहेर शिडी लागलेलीही मला कळली नाही. लायनमन आमच्या घराची तार खांबापासून सोडवून बदलत होता, आणि मी पंख्याखाली बसून सांबार-भात जेवत होतो. वरून हाक आली, "सार! उंग वीट्टुलेरुंदु करंट वरुदु!" तुमच्या घरातून करंट येतोय. हातातला घास टाकून धावलो आणि वायर उपटली. हात लावण्याआधी त्याने टेस्टर लावून पाहिला होता, म्हणून तो वाचला. आणि नसता लावला तर? कालपासून हे मानगुटीवर बसलंय. पंखा लावायचीही भीती वाटते.

तुम्ही खांबावर चढण्याआधी पेटीतले फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकायचात, म्हणजे खाली कोणी चुकून लावणार नाही. एकदा काम अर्धं ठेवून तुम्ही जेवायला घरी आला होतात. स्वयंपाकघरात खिळ्याला शर्ट अडकवलेला. मी आठ वर्षांचा, खिशातला एक फ्यूज काढून चुलीमागे गाडी गाडी खेळतोय. तुम्ही उठताना खिसा चाचपता, आणि तुमचा चेहरा पांढराफटक पडतो. मग एक सणसणीत थप्पड, आयुष्यातली एकच. "हेच सांपडलं तुला खेळायास? ह्यात मनुष्याचा जीव आहे रे!" तेव्हा मला वाटलं तुम्ही रागावलात. काल कळलं, तुम्ही घाबरला होतात. संध्याकाळी तुम्हीच एक तडा गेलेला, निकामी फ्यूज आणून माझ्या हातात ठेवलात, पांढरा, चिनी मातीचा. इतकी वर्षं तो माझ्या मेजावर होता.

ती वायर मी काल लायनमनच्या समोरच कापली. मेन तपासायला तो आत आला होता, घामाने निथळत. घरातली वीज अशी उलटी बाहेर जाते हे मला ठाऊक नव्हतं, असं मी त्याला सांगितलं. त्याने विश्वास ठेवला. रागावला तर नाहीच, उलट मलाच म्हणाला, घाबरू नका सार, पाणी प्या. आता तो फ्यूज मी कपाटात मागे सारलाय, आणि हा कागदही तिथेच ठेवणार आहे. कारण जाता जाता मेजाकडे बघून त्याने विचारलं, "हा तर आमच्या जुन्या पेटीतला. घरात कोणी लायनमन होतं का, सार?"

मी म्हणालो, नाही, भंगारात मिळाला. माझे वडील शाळेत मास्तर होते.