गोड नावाची गाठ

मुंबई, जानेवारी १९८४

प्रिय हेलन, तुझ्यावर देवाची छाया राहो.

पहाटे आपल्या सांडोरच्या वाडीतला रहाट कुरकुरताना ऐकू आला. बाबा बैल हाकायचे नि मी त्या तालावर शाळेतली कविता म्हणायचो. रहाट मोडून किती वर्षं झाली गं.

इथलं इस्पितळातलं जेवण बरं आहे. अंगाची खाज जरा कमी झाली. ही साधी कावीळ नव्हती. तू रोज उसाचा रस पाजलास, त्यात तुझी काही चूक नाही. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, स्वादुपिंडात बोराएवढी गाठ आहे. तिनं पित्ताची वाट अडवली, म्हणून डोळे पिवळे झाले. कॅन्सर आहे, पण लवकर सापडला. नशीब समजा."

स्वादुपिंड. इतका गोड शब्द, पण एकाही कवितेत भेटला नव्हता.

नशीब म्हणताना ते खिडकीबाहेर बघत होते. ऑपरेशन फार मोठं आहे. त्यातून मी उठेन असं वाटत नाही.

केळींना पाणी कोण देतं? आपल्या बेटीचा खोकला गेला का? तू मात्र एवढ्या लांब येऊ नकोस.

थांब, दारात आपल्या गावचे फादर फेबियन उभे आहेत. मी कुणालाच बोलावलं नव्हतं. त्यांच्या हातात शेवटच्या घटकेला आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल आहे. हेलन, डॉक्टरांनी तुला काय कळवलंय?

तुझा,
प्लासिड